औषध सुरू झालं आणि एका जागी बसवेना : अकॅथिजिया ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

माणूस जेवायला बसतो, दोन घास खातो आणि उठतो. ओट्यापर्यंत जातो, परत येतो, बसतो, पुन्हा उठतो. खुर्चीत बसवलं तर गुडघे हलतात, टाच जमिनीवर आपटत राहते. उभा राहिला की एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर, जागच्या जागी चालल्यासारखं. रात्री खाट करकरते, कारण पाय चादरीवर घासत असतात. विचारलं तर सांगतो, "माले बसवतच नही." घरच्यांना वाटतं, आजार वाढला. कुणी म्हणतं नाटक, कुणी म्हणतं बाहेरचं काही लागलं, भगताकडे दाखवा.

अशा वेळी मागचे पंधरा दिवस चाळून पाहावेत. बहुतेकदा त्यात एखादी नवी गोळी सुरू झालेली असते, जुनीचा डोस वाढलेला असतो किंवा उलटी थांबवायला इंजेक्शन दिलेलं असतं. या त्रासाला अकॅथिजिया म्हणतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ "न बसवणं". हास्कोवेत्स नावाच्या प्राग शहरातल्या डॉक्टरांनी तो १९०१ मध्ये वापरला, तेव्हा मानसिक आजारावरच्या आजच्या गोळ्या जन्माला यायच्या होत्या. त्या १९५० नंतर आल्या आणि मग हा त्रास प्रामुख्याने औषधांचा म्हणून ओळखला जाऊ लागला.

हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, गावातल्या आशाताईंसाठी आहे आणि स्वतः हा त्रास भोगणाऱ्यांसाठीही आहे. डॉक्टर रुग्णाला पाच-दहा मिनिटं पाहतात, घर चोवीस तास पाहतं. म्हणून निदानाचा अर्धा पुरावा घरातच असतो, आणि तो वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचला नाही तर उलटंच घडतं : बेचैनीला आजार समजून त्याच औषधाचा डोस वाढवला जातो, बेचैनी आणखी वाढते, डोस पुन्हा वाढतो. हे चक्र सुरू होण्याआधीच तोडायचं आहे.

कोणत्या औषधांनी होतं

सगळ्यात आधी घरातली सगळी पाकिटं एका ताटात काढा. मेडिकलमधून सुटी आणलेली, नातेवाइकाने दिलेली, गॅसची, चक्करची, सगळी. फक्त "मोठ्या डॉक्टरांची" नकोत, कारण गुन्हेगार पुष्कळदा साध्या वाटणाऱ्या गोळीत लपलेला असतो.

मानसिक आजारावरच्या औषधांत हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन आणि फ्लुफेनाझिन ही जुनी औषधं वरच्या क्रमांकावर. नव्यांपैकी रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल, ल्युरासिडोन आणि कॅरिप्राझिन यांनीही होतं. अ‍ॅरिपिप्राझोल वजन फार वाढवत नाही म्हणून ते "हलकं" औषध समजलं जातं, पण बेचैनीच्या बाबतीत ते हलकं नाही. क्वेटियापिन आणि क्लोझापिन यांनी हा त्रास होण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. ओलान्झापिन मधे कुठेतरी आहे.

उलटीवरची औषधं हा दुसरा गट, आणि खेड्यात हाच जास्त भेटतो. मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म नावाने मिळणारी गोळी किंवा इंजेक्शन. प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल. मेटोक्लोप्रामाइड शिरेतून भरकन दिलं तर काही मिनिटांतच माणूस सलाइन ओढून उठायला बघतो, "मला घरी जाऊ द्या" म्हणतो. तेच औषध पंधरा मिनिटांत हळूहळू सोडलं तर त्रास कमी होतो. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये या औषधाला मर्यादा घातली : जास्तीत जास्त पाच दिवस आणि प्रौढांना दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्याकडे ते महिना-महिना घेणारी माणसं सापडतात. गरोदरपणातल्या उलट्यांसाठीही ते दिलं जातं, आणि मग बाईची तगमग डोहाळ्यांच्या खात्यात जमा होते.

तिसरा गट गॅस आणि चक्करच्या गोळ्यांचा. पित्ताच्या कॅप्सूलच्या पाकिटावर "लेवोसल्पिराइड" हा शब्द शोधा. ते मानसिक आजारावरच्या औषधांच्याच कुळातलं आहे, आणि वयस्क माणूस ते वर्षभर रिकाम्या पोटी घेत असतो. चक्कर आणि अर्धशिशीवरची सिनारिझिन, फ्लुनारिझिन हीसुद्धा त्याच यादीत.

चौथा गट उदासीनतेवरच्या गोळ्यांचा : फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम. यांनी तुलनेने कमी जणांना होतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत आणि डोस वाढवल्यावर सावध राहायला हवं. फ्लुओक्सेटिनचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल शरीरातून बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेला ते अडवतं. म्हणजे जुन्या गोळीचा डोस तोच असतो, पण रक्तातलं प्रमाण वाढतं. "जुनीच गोळी आहे, तिने आता कसं होईल?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा शेजारच्या नव्या गोळीत असतं.

आधी तारीख

एक वही घ्या. डाव्या पानावर औषधाचं नाव, गोळीवर लिहिलेला आकडा (५, १०, २०), दिवसातून किती वेळा आणि सुरू केल्याची किंवा बदलल्याची तारीख. उजव्या पानावर बेचैनी पहिल्यांदा दिसली ती तारीख आणि वेळ. तारीख आठवत नसेल तर बाजाराच्या दिवसावरून, आखाजीवरून, कापसाच्या पहिल्या वेचणीवरून काढा. मेडिकलच्या बिलावर तर ती छापलेलीच असते.

आता दोन्ही तारखांमधलं अंतर पाहा. इंजेक्शननंतर मिनिटांत किंवा तासांत. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, सहा आठवड्यांपर्यंत संशय धरावा. औषध अचानक बंद केल्यावर किंवा कमी केल्यावरही, साधारण सहा आठवड्यांच्या आत, असाच त्रास उसळू शकतो, तिथे "गोळी तर बंदच केली, मग गोळीने कसं?" असं म्हणून विषय सोडू नये. आणि काही जणांत औषध तीन महिन्यांहून जास्त काळ नीट चाललेलं असतं, मग हळूच सुरू होतं. हा उशिरा येणारा प्रकार जास्त हट्टी असतो.

महिन्याचं किंवा पंधरा दिवसांचं इंजेक्शन चालू असेल, जसं फ्लुफेनाझिन डेकानोएट किंवा हॅलोपेरिडॉल डेकानोएट, तर इंजेक्शनचा दिवस शून्य धरून पुढचे दिवस मोजा. चौथ्या दिवशी त्रास आणि विसाव्या दिवशी आराम असं चित्र दोनदा दिसलं, तर ते डॉक्टरांना कुठल्याही रिपोर्टइतकं उपयोगी पडतं. दिलेलं इंजेक्शन अंगातून काढता येत नाही, म्हणून ही नोंद पुढच्या इंजेक्शनच्या आधी पोचली पाहिजे.

दोन मिनिटं बसवून, दोन मिनिटं उभं करून

डॉक्टर मंडळी या त्रासासाठी बार्न्स यांचं १९८९ सालचं मोजमाप वापरतात. त्याची रीत इतकी सोपी आहे की घरीही करता येते. रुग्णाला पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला लागले पाहिजेत. "हलू नको" असं सांगू नका, ते सांगितलं की माणूस दात-ओठ खाऊन आवरून धरतो आणि पाहणी फुकट जाते. साध्या गप्पा मारा, केळीचा भाव, पाहुण्यांची चौकशी. दोन मिनिटं पायांकडे लक्ष ठेवा. मग उभं राहून आणखी दोन मिनिटं त्याच गप्पा. बसल्यावर पाय हलवणं, मांडी घालणं-सोडणं, उठून जाणं. उभं राहिल्यावर भार बदलत राहणं, पावलं उचलत राहणं, फेऱ्या मारणं, यांपैकी काय आणि किती वेळ चाललं ते लिहा.

मग तीन प्रश्न विचारा. आत काहीतरी ढवळल्यासारखं, ओढल्यासारखं होतं का? पाय स्थिर ठेव म्हटलं तर ठेवता येतात का? आणि ह्याचा त्रास किती होतो? तिसरा प्रश्न टाळू नका. काही माणसं बाहेरून शांत दिसतात, सगळी तडफड आत असते, आणि पाय हलत नाहीत म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

घरापुरतं सोपं माप : शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे आत चुळबुळ आहे, पण ठरवलं तर बसता येतं. दोन म्हणजे जेवण पुरं होईपर्यंत बसवत नाही. तीन म्हणजे दिवसाचा बराच वेळ फेऱ्या, रात्री झोप नाही, एसटीत तासभर बसणं अशक्य. रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेक आकडा वहीत टाका, झोपेचे तासही लिहा. रुग्णाला विचारून, त्याची हरकत नसेल तर पायांचा एक मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचल्यावर पाय नेमके शांत होतात, हा अनुभव सर्रास येतो.

बोलता न येणाऱ्यांसाठी वेगळं लक्ष लागतं. मतिमंदत्व असलेलं मूल रिस्पेरिडोन सुरू केल्यावर अधिक आदळआपट करू लागलं, विस्मरणाचा आजार असलेली आजी सारखी उठू लागली, लुगडं ओढू लागली, तर "चिडखोरपणा वाढला" एवढ्यावर थांबू नका. हेच रुग्ण डोस वाढण्याच्या चक्रात सगळ्यात लवकर सापडतात.

"जीव घाबरस" म्हणजे नक्की काय

आपल्या खान्देशातली ही मोठी अडचण आहे. "मना जीव घाबरस" हे एकच वाक्य आपण भीतीसाठी वापरतो, छातीत धडधडण्यासाठी वापरतो, साखर उतरल्यावर वापरतो आणि या बेचैनीसाठीही. बाहेरगावच्या डॉक्टरांनी ते ऐकलं की कागदावर "चिंता" असं लिहिलं जातं, आणि उपचार त्या रस्त्याने जातो. म्हणून जीव घाबरस म्हटल्यावर पुढचा प्रश्न घरच्यांनीच विचारावा : कुठे? पायांत की छातीत की डोक्यात? आणि चाललं की बरं वाटतं का? चिंतेत मन एखाद्या विचाराभोवती फिरतं. अकॅथिजियात माणूस सांगतो की विचार काही नाहीत, पण शरीर बसू देत नाही, चाललं की थोडा वेळ हायसं वाटतं.

सारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टीही तपासाव्यात. पाय फक्त संध्याकाळी-रात्री, आडवं झाल्यावर वळवळतात आणि दिवसा माणूस मजेत बसतो, तर तो पायांच्या बेचैनीचा वेगळा आजार असू शकतो. त्यात रक्तातलं लोह, विशेषतः फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचं माप) तपासतात. लोह कमी असणं अकॅथिजियालाही पोषक ठरतं असं दिसलं आहे. मात्र नंदुरबारकडे सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. पांडुरोग दिसला म्हणून त्यांनी तपासणीविना लोहाच्या गोळ्या चालू करू नयेत; ज्यांना वारंवार रक्त चढवलेलं असतं त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं.

रोज दारू पिणारा माणूस दवाखान्यात भरती झाला किंवा घरी अचानक थांबला, तर शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, तगमग होते. हा वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे, डॉक्टरांपासून दारूची गोष्ट लपवू नका. मधुमेही माणसाची साखर लगेच तपासा. आणि मान वाकडी होऊन अडकली, डोळे वर फिरले, जीभ बाहेर आली, तर तो औषधाने आलेला स्नायूंचा पेटका आहे. लोक त्याला अंगात आलं म्हणतात. योग्य इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो, म्हणून सरळ दवाखाना गाठा. घसा आवळून श्वास अडू लागला तर एक क्षणही दवडू नका.

आणखी एक चित्र कायम लक्षात ठेवा : मानसिक आजाराची औषधं चालू, जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक, भरपूर घाम, भान हरपलेलं. हे जिवावरचं आहे. पुढची गोळी देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सगळी पाकिटं सोबत न्या.

डॉक्टरांना सांगताना

पुढची तारीख महिन्याने असेल तर थांबू नका, फोन करा. वाक्य असं ठेवा : "अमुक तारखेला ही गोळी पाचवरून दहा केली. चौथ्या दिवसापासून बसवत नाही, जेवताना तीनदा उठतात, रात्री तीन तास झोप. आधी असं नव्हतं. ही औषधाची बेचैनी असू शकते का?" शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. औषधाचे दुष्परिणाम समजून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तो दिला आहे.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडून जळगाव किंवा धुळ्याला येणाऱ्यांनी तर हे पहिल्याच भेटीत उरकावं. "बेचैनी सुरू झाली तर कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची, कुणाला फोन करायचा?" याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावं. पुन्हा दिवसभराचा प्रवास करणं अशा रुग्णाला जमत नाही, तो बसमध्ये बसूच शकत नाही. डॉक्टर लागले नाहीत तर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

स्वतःहून काय थांबवायचं? उलटी, गॅस किंवा चक्करच्या गोळीने झालं असेल तर पुढची मात्रा घेऊ नका आणि ज्यांनी दिली त्यांना कळवा. मानसिक आजाराची गोळी मात्र एकदम बंद करू नका. आजार उलटू शकतो, शिवाय अचानक बंद केल्याने बेचैनीही वाढू शकते. त्रास असह्य असेल तर त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात जा, ही चैन नाही, गरज आहे.

डॉक्टर काय बदल करतात आणि त्याला किती दिवस लागतात

पहिला आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मूळ औषध कमी करणं किंवा बदलणं. पण गोळी कमी केल्याबरोबर आराम पडत नाही आणि घरचे निराश होतात, म्हणून हिशोब माहीत असावा. मेटोक्लोप्रामाइडच्या एका इंजेक्शनचा त्रास सहसा दिवसभरात ओसरतो. हॅलोपेरिडॉलला काही दिवस. अ‍ॅरिपिप्राझोल शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण तीन दिवस घेतं, त्यामुळे कमी केल्याचा पुरता परिणाम दिसायला दोन आठवडे जातात. फ्लुओक्सेटिन त्याहूनही रेंगाळतं.

या मधल्या काळासाठी जोडीला गोळी देतात. प्रोप्रानोलॉल सगळ्यात जास्त वापरात आहे : सुरुवात बहुधा १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग नाडी आणि रक्तदाब पाहत दिवसाला ४० ते ८० मिलिग्रॅमपर्यंत. दमा असलेल्यांना हे औषध देत नाहीत, म्हणून लहानपणी दमा होता का, रात्री घरघर होते का, हे न विचारताही सांगा. मधुमेह्यांत साखर उतरल्याची थरथर आणि धडधड हे औषध झाकून टाकतं. घाम मात्र सुटतो, ती खूण धरावी. रोज सकाळी मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. साठच्या खाली जाऊ लागली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा. बरं वाटल्यावर हेही एकदम तोडू नका, उतरवत न्यायचं असतं.

प्रोप्रानोलॉल चालत नसेल तर मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, रात्री. झोप येते, भूक आणि वजन वाढतं. क्लोनाझेपाम पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम काही दिवसांपुरतं उपयोगी पडतं, पण सवय लागते, आणि वयस्कांचा रात्री लघवीला उठताना तोल जातो. ब जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचेही, म्हणजे बी-६ चे, काही चांगले परिणाम दिसले आहेत, परंतु "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घेऊ नका, जास्त मात्रेत ते नसांनाच इजा करतं.

आता ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजेच पॅसिटेन. हातापायांची थरथर आणि ताठरपणा यांवर ते चांगलं चालतं. निव्वळ बेचैनीवर त्याचा भरवसा कमी आहे. तरीही सवयीने ते चिठ्ठीवर असतं, आणि खान्देशात त्याचा एक खास धोका आहे. हे औषध घाम कमी करतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घाम न येणं म्हणजे अंगाची थंड होण्याची वाटच बंद होणं. त्यात बेचैनीमुळे माणूस दुपारी उन्हात फेऱ्या मारतोय. अंग तापलेलं, कातडी कोरडी, बोलणं असंबद्ध, तर तो उष्माघात समजा : सावलीत घ्या, अंगावर पाणी, वारा, आणि १०८. उन्हाळा लागण्याआधी "ही गोळी अजून लागते का?" हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. सुकं तोंड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं आणि वयस्कांत गोंधळलेपण हेही याचेच परिणाम.

घरात

चालू द्या. हात धरून बसवणं, खाटेला बांधणं, दार लावून कोंडणं याने त्रास दुणावतो, आणि माणसाचा घरावरचा विश्वास जातो. त्याच्याशी बोलताना एकदा स्पष्ट सांगा की हे औषधामुळे आहे, तुझं मन कमकुवत नाही, आणि हे उतरतं. आपल्याला वेड लागत चाललंय ही भीती पायांच्या तगमगीपेक्षा जास्त पोळते.

फेऱ्यांसाठी सकाळी नऊच्या आतली आणि सूर्य उतरल्यानंतरची वेळ ठेवा. मधल्या वेळात ओसरी, पडवी, घरातला लांब भाग मोकळा करून द्या. पायात चप्पल हवीच. रात्री तळपाय बघा : तापल्या फरशीचे फोड, घासून निघालेल्या टाचा, बोटांमधल्या चिरा. मधुमेह असेल तर हे रोज. चालणाऱ्या माणसाला तहान कळत नाही, तासाला एक पेला पाणी हातात द्या, अधूनमधून ताक. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांना पाणी कमी पडणं फारच घातक ठरतं.

जेवण ताटावर बसवून करायचा हट्ट सोडा. कळण्याच्या भाकरीची भाजी घालून गुंडाळी करून हातात दिली तर चालता चालता खाल्ली जाते. चहा दिवसाला दोन कपांवर आणा, दुपारनंतर नको. विडीबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : विडीच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. विडी अचानक सोडली की त्याच डोसमध्ये औषध अंगात साठू लागतं. विडी सोडावी हे खरंच, पण डॉक्टरांना सांगून.

उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. बेचैन रुग्णाला गच्चीवर, विशेषतः कठडा नसलेल्या, झोपवू नका. तो रात्री दहा वेळा उठणार आहे, अर्धवट झोपेत आणि कदाचित गोळीच्या गुंगीत. अंगणात किंवा खालच्या खोलीत, दाराजवळ कुणीतरी जागं असेल अशी झोपायची सोय करा.

सगळ्यात जपायचं

तीव्र अकॅथिजियात माणसाला मरून जावंसं वाटू शकतं. त्याला मरण हवं असतं असं नव्हे, ही तगमग थांबायला हवी असते. ज्यांच्या मनात आधी असा विचार कधीच आला नाही त्यांनाही तो येऊ शकतो, आणि झपाट्याने येतो. म्हणून वहीतला बेचैनीचा आकडा तीनवर गेला, झोप दोन रात्री उडाली, "ह्यापेक्षा मेलेलं बरं" असं एकदाही तोंडून आलं, तर सरळ विचारा : "मरायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, माणसाला बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्या दिवशी एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना, आणि वाटेत १४४१६.

कापसाच्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात, खाटेखाली, बैलांच्या गोठ्यात ठेवलेलं असतं. बेचैनी सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी ते घरातून हलवा, भावकीत किंवा शेजारी कुलुपात ठेवायला द्या. गोळ्यांचा महिन्याचा साठाही घरच्या एकाने आपल्याकडे ठेवून रोजच्या रोज द्यावा. मृत्यूचं साधन चार पावलं दूर नसेल तर तो वाईट तास पुष्कळदा निघून जातो.

त्रास उतरल्यानंतर

वहीतलं एक काम उरतं. एका जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहा : रुग्णाचं नाव, ज्या औषधाने त्रास झाला त्याचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे, कारण तेच औषध दहा नावांनी येतं), किती डोसवर आणि काय झालं. कागद आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये. पुढे कधी जत्रेतलं खाऊन उलट्या झाल्या, रात्री अकराला गावातल्या दवाखान्यात नेलं आणि सुई भरली जाऊ लागली, तर सुई टोचण्याआधी तो कागद डॉक्टरांपुढे धरा आणि विचारा, "ह्यात मेटोक्लोप्रामाइड आहे का?" उलटीसाठी ओंडान्सेट्रॉनसारखं दुसरं औषध सहज मिळतं.

झालेला दुष्परिणाम सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवता येतो. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. फोन करताना औषधाचं पाकीट हाताशी असू द्या, त्यावरचा बॅच क्रमांक विचारतात.